टेट मॉडर्न पहिल्यांदा बघायला जाताना: कुठून शिरायचं, काय बघायचं, काय सोडायचं

लंडनला मुलाकडे आलेले आईबाबा, नुकतीच शिकायला आलेली मुलं, ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर आलेले मित्र, असे कितीतरी जण माझ्याबरोबर टेट मॉडर्नला, म्हणजे इथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, आले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं ते आधी एकदा बघून झालेलं असतं आणि मतही ठरलेलं असतं: ‘इमारत मोठी आहे, बाकी काही कळलं नाही.’ जरा खोदून विचारलं की कळतं, टॉवर ब्रिज आणि बरो मार्केट उरकून दुपारी तीनला, पाय दुखत असताना ते आत शिरले, सरळ वरच्या मजल्यावर गेले, एकामागून एक पंधरा खोल्या पालथ्या घातल्या आणि शेवटी खालच्या दुकानात येऊन थांबले. अशानं कुठलंच संग्रहालय कळणार नाही. त्यात हे संग्रहालय एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात आहे. ते वीजकेंद्र आधी नीट बघितलं की आतलं बरंच काही सोपं होतं. म्हणून मी ज्या क्रमानं लोकांना नेते, तोच क्रम इथे लिहिते आहे.

१. कुठल्या ‘टेट’ला जायचं ते आधी पक्कं करा

लंडनमध्ये टेट नावाची दोन संग्रहालयं आहेत. टेट ब्रिटन पिमलिको भागात, मिलबँकवर आहे. ते १८९७ सालचं, खांबांच्या दर्शनी भागाचं, मुख्यतः ब्रिटिश चित्रकलेचं. टेट मॉडर्न बँकसाइडला, थेम्सच्या दक्षिण काठावर, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या बरोबर समोर. टॅक्सीवाल्याला किंवा फोनच्या नकाशाला नुसतं ‘टेट’ सांगितलं की चुकीच्या दारात उतरायची पाळी येते, म्हणून पूर्ण नाव टाका. दोन्ही बघायची असतील तर नदीतून बोट आहे. बँकसाइड आणि मिलबँक या धक्क्यांवर ती थांबते आणि नेहमीच्या बँक कार्डानं पैसे देता येतात.

२. तिकीट कशाला लागतं, कशाला नाही

कायमस्वरूपी संग्रह बघायला पैसे लागत नाहीत. टर्बाइन हॉल (वीजकेंद्राचं जुनं यंत्रांचं दालन), टँक्स (तेलाच्या जुन्या टाक्या), जुन्या आणि नव्या अशा दोन्ही इमारतींमधली संग्रहाची दालनं, सगळं फुकट. दारापाशी देणगीची पेटी असते, ती ऐच्छिक आहे. तिकीट लागतं ते मोठ्या तात्पुरत्या प्रदर्शनांना. ते साधारण १५ ते २५ पौंडांच्या घरात असतं आणि ते संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच काढावं. पर्यटकांना ‘टेट मॉडर्न प्रवेश’ म्हणून पैसे घेऊन काहीतरी विकणाऱ्या इतर जागा आहेत. जे फुकट आहे ते विकत घेऊ नका.

विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचं: वय १६ ते २५ असेल तर ‘टेट कलेक्टिव्ह’मध्ये फुकट नाव नोंदवा, मग प्रदर्शनाचं तिकीट ५ पौंडांत मिळतं. या देशाचं नागरिक असायची अट नाही. बारा वर्षांखालची मुलं पालकांबरोबर प्रदर्शनातही फुकट जातात. अपंग व्यक्तीला सवलत आहे आणि तिच्या सोबत्याला वेगळं तिकीट लागत नाही.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या भेटीत तिकिटाचं प्रदर्शन घेऊच नका. ते दीड-दोन तास खातं आणि मग इमारतीसाठी ताकद उरत नाही. पैसे भरलेत म्हणून माणूस ते रेटून पूर्ण बघतो आणि फुकट असलेला, खरं तर अधिक मोलाचा भाग सोडून देतो.

३. वेळ

रोज सकाळी १० ते संध्याकाळी ६, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ९ पर्यंत. २४ ते २६ डिसेंबर बंद. वेळा बदलतात, निघण्याआधी संकेतस्थळावर एक नजर टाका. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाला पोचलात तर पहिला तास तुमचा. पावसाळी शनिवार आणि शाळांच्या सुट्ट्या शक्यतो टाळा. एकूण तीन तास धरा आणि मध्ये एकदा बसून चहा घ्या.

४. बरोबर काय घ्याल

- चालायचे बूट. फरशी काँक्रीटची आणि लाकडाची आहे, पाय बोलायला लागतात.
- लहान बॅग. दारात ती उघडून तपासतात. मोठी सूटकेस आत नेता येत नाही, त्यामुळे विमानतळावर जाता जाता सामानासकट येऊ नका.
- टॅप करून चालणारं बँक कार्ड किंवा फोन. भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहाराचं शुल्क लागतं हे लक्षात ठेवा.
- सवलतीचं तिकीट असेल तर वयाचा किंवा विद्यार्थी असल्याचा पुरावा.
- पेन्सिल आणि छोटी वही. दालनात पेन्सिलनं चित्र काढता येतं, रंग-पाणी नाही.
- इअरफोन, मार्गदर्शक ध्वनिफिती ऐकायच्या असतील तर. वायफाय आत फुकट आहे.
- एक स्वेटर. टर्बाइन हॉल उन्हाळ्यातही गार असतो.

५. कुठल्या दारानं शिरायचं

ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि सगळी मजा इथेच ठरते.

सर्वात जवळची स्टेशनं दोन. ज्युबिली लाइनवरचं साउथवर्क, ज्याला इथले लोक ‘सदक’ म्हणतात, आणि ब्लॅकफ्रायर्स. ब्लॅकफ्रायर्सला नदीच्या दक्षिण काठावर उतरणारं दार आहे, त्यानंच बाहेर या. दोन्हीकडे लिफ्ट आहे. पण पाय धड असतील तर मी सेंट पॉल्स स्टेशनला उतरायला सांगते. कॅथीड्रल मागे ठेवून मिलेनियम ब्रिजवरून चालत या. हा फक्त पादचाऱ्यांचा पूल. १० जून २००० ला तो उघडला, माणसांच्या पावलांनी डुलायला लागला म्हणून दोन दिवसांत बंद केला आणि डुलणं थांबवून २००२ मध्ये पुन्हा सुरू केला. पुलाच्या मध्यावर उभं राहिलं की समोर विटांची लांबच लांब भिंत आणि मधोमध चौकोनी चिमणी दिसते. वीजकेंद्राची अशी चिमणी शहराच्या ऐन मध्यावर, मोठ्या कॅथीड्रलसमोर उभी करायची म्हणून त्या काळी बराच विरोध झाला होता. चिमणी ९९ मीटरची आहे. ती सेंट पॉल्सच्या घुमटापेक्षा मुद्दाम बुटकी ठेवलेली आहे. हे फक्त पुलावरूनच ताडून बघता येतं.

आता सापळा. पूल जिथे उतरतो तिथून सर्वात जवळचं दार नदीच्या बाजूचं आहे आणि सगळे त्यातच शिरतात. तुम्ही शिरू नका. इमारत डावीकडे ठेवून कोपऱ्यापर्यंत जा, वळा आणि हॉलंड स्ट्रीटवरच्या पश्चिमेच्या दारानं आत या. तिथून एक रुंद उतार खाली टर्बाइन हॉलमध्ये जातो. बाहेरच्या उजेडातून त्या उतारावर आलं की छत एकदम दूर जातं आणि माणसं लहान दिसायला लागतात. नदीच्या दारानं आलात तर हॉल मध्येच कुठेतरी बाजूनं दिसतो आणि हा अनुभव हातचा जातो.

अपवाद एकच. बरोबर गुडघेदुखीची किंवा काठी घेऊन चालणारी मंडळी असतील तर उतार त्यांना जड जाईल. त्यांना खुशाल नदीच्या दारानं आणा, लिफ्टनं खाली हॉलमध्ये न्या.

६. पहिला अर्धा तास फक्त इमारतीचा

टर्बाइन हॉल १५५ मीटर लांब, २३ मीटर रुंद आणि ३५ मीटर उंच आहे. इथे विजेची जनित्रं होती. बँकसाइड वीजकेंद्र सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी आखलं, लंडनचा लाल टेलिफोन बूथ ज्यांचा, तेच हे. १९४७ ते १९६३ अशा दोन टप्प्यांत ते बांधलं गेलं. ते तेलावर चालायचं. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, वीज परवडेना, आणि १९८१ मध्ये केंद्र बंद झालं. बरीच वर्षं ते नुसतं उभं होतं, पाडायची चर्चा चालू होती. टेटनं जागा घेतल्यावर स्वित्झर्लंडच्या हर्त्सोग आणि द म्यूराँ या वास्तुरचनाकारांना काम दिलं. इतर स्पर्धकांपेक्षा त्यांनी इमारतीला कमीत कमी हात लावायचं ठरवलं होतं, आणि म्हणूनच त्यांची निवड झाली असं मला वाटतं. मे २००० मध्ये संग्रहालय उघडलं.

उताराच्या तळाशी थांबा आणि वर बघा. दोन्ही बाजूंचे काळे पोलादी खांब जुनेच आहेत. माथ्यावरची क्रेनही तीच, एके काळी यंत्रं उचलणारी. आता ती प्रचंड कलाकृती उचलायला लागते. या हॉलचा दक्षिणेकडचा शेजारचा भाग संग्रहालय सुरू झाल्यावरही वीज उपकेंद्र म्हणून चालू होता. हॉलमध्ये तिथल्या ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकू यायची.

दरवर्षी या हॉलसाठी एका कलावंताला काम दिलं जातं. २००० मध्ये लुईस बुर्ज्वानं इथे उंच मनोरे आणि तिची आठ पायांची राक्षसी कोळीण उभी केली. २००२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरनं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गडद लाल कापडाचं कर्णा फुलल्यासारखं शिल्प ताणलं. त्याचं नाव ‘मार्सायस’. २००३ मध्ये ओलाफुर एलियासननं धुक्यात मोठा पिवळा सूर्य लावला आणि छताला आरसे बसवले. लोक जमिनीवर उताणे पडून तासन्‌तास स्वतःचं प्रतिबिंब बघत. २०१० मध्ये आय वेवेईनं चिनी मातीच्या, हातानं रंगवलेल्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या.

ही सगळी कामं निघून गेली. एक मात्र पूर्ण गेलेलं नाही. २००७ मध्ये कोलंबियाच्या दोरिस साल्सेदोनं हॉलच्या जमिनीलाच भेग पाडली, १६७ मीटर लांब. एका टोकाला केसाएवढी, पुढे हात जाईल एवढी रुंद आणि खोल. परक्या देशात आलेल्या माणसाला जी फट ओलांडता येत नाही तिच्याबद्दलचं ते काम होतं. प्रदर्शन संपल्यावर भेग सिमेंटनं बुजवली. तिचा वण काँक्रीटमध्ये अजून आहे. जमिनीकडे बघत चाला. जरा वेगळ्या रंगाची, वेडीवाकडी, फाटे फुटत गेलेली पट्टी दिसेल. वाकून तिला हात लावा. आजूबाजूचं काँक्रीट पावलांनी गुळगुळीत झालंय, भरलेली रेघ त्याच्याशी एकजीव झालेली नाही. जिथे ती रुंद होते तिथे तळहात मावेल एवढी रुंदी आहे. शेकडो लोक रोज त्यावरून जातात आणि त्यांना ती दिसत नाही. मी ज्यांना ज्यांना नेलं त्यांना घरी गेल्यावर ही रेघच आठवत होती.

मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्यांना हा हॉल जास्त भिडतो असं मी पाहिलंय. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, कुठेतरी एखादी चिमणी राहिली. इथे कामाची जागा कामाच्या जागेसारखीच ठेवून लोकांना फुकट उघडून दिली, हे त्यांना फार लागतं. मलाही लागतं.

७. आता खोल्या, पण पाच-सहाच

दोन इमारती आहेत. नदीकडची जुनी नॅटली बेल इमारत, म्हणजे बॉयलर जिथे होते ती. दक्षिणेकडची नवी, वर निमुळती होत गेलेली ब्लावटनिक इमारत २०१६ मध्ये उघडली. तिच्या अंगावर विटांची जाळी आहे, ३,३६,००० विटांची. रात्री आतला उजेड जाळीतून झिरपतो. दोन्ही इमारती पहिल्या आणि चौथ्या मजल्यावरच्या पुलांनी जोडलेल्या आहेत. हे लक्षात ठेवलं नाही की माणूस हरवतो: तिसऱ्या मजल्यावरून समोर जायला वाट शोधत बसू नका, चौथ्यावर जा.

नकाशा घ्या आणि संग्रहाचं एकच दालन निवडा. त्यातल्या पाच-सहा खोल्या बास. जी खोली पहिल्या दोन मिनिटांत धरत नाही ती सोडून पुढे जा. मांडणी बदलत राहते, म्हणून खालची कामं आज लागलेली आहेत का ते आधी संकेतस्थळावर किंवा मदतकक्षात विचारा.

ब्राझीलच्या सिल्डो मेइरेलिसचं ‘बाबेल’ असेल तर ते पहिलं. शेकडो जुन्या रेडिओंचा गोल मनोरा, निळसर अंधारात. खाली मोठे, लाकडी पेटीचे, वर जावं तसे छोटे आणि नवे. प्रत्येक वेगळ्या केंद्रावर लावलेला, आवाज बारीक. लांबून नुसती कुजबुज. जवळ जाऊन एकाच रेडिओला कान दिला की बातम्या, पुढच्याला दिला की गाणं. रेडिओवर भल्या पहाटे बातम्या ऐकत वाढलेली आपली वडीलधारी मंडळी इथे न सांगता थांबतात.

अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची सीग्रॅम भित्तिचित्रं लागलेली असतील तर त्यांना वीस मिनिटं द्या. नऊ मोठी चित्रं, काळपट मरून आणि लाल, मंद उजेडात. न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतल्या एका महागड्या उपाहारगृहासाठी त्यानं ती काढली, मग जागा पसंत पडली नाही म्हणून करार मोडला आणि पुढे ती टेटला दिली. चित्रं लंडनला पोचली तो दिवस २५ फेब्रुवारी १९७०. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. इथे चूक एकच होते: उजेडातून आलेले डोळे अंधाराला सरावायच्या आधीच लोक बाहेर पडतात. बाकावर बसा. पाचेक मिनिटांनी चौकटींच्या कडा हलल्यासारख्या वाटायला लागतात.

आणि अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रेच्या विटा. १२० भट्टीच्या विटा, दोन थरांत आयताकृती मांडलेल्या, बस. टेटनं त्या १९७२ मध्ये विकत घेतल्या आणि १९७६ मध्ये वर्तमानपत्रांनी जनतेचा पैसा विटांवर उधळला म्हणून रान उठवलं. तुम्हालाही ‘हे मीपण केलं असतं’ वाटेल. वाटू द्या. पण मग भोवती एक फेरी मारा आणि तुमचं चालणं त्या विटांनी कसं बदललं ते बघा.

८. ‘कळत नाही’ वाटलं की काय करायचं

भिंतीवरचा छोटा फलक खालून वर वाचा. बहुतेक जण नाव वाचतात आणि पुढे जातात. आधी साहित्य वाचा: कशापासून बनवलंय. मग वर्ष. मग कलावंत कुठे जन्मला आणि कुठे राहिला. एवढ्यावर निम्मं काम सुटतं. तरीही काही लागलं नाही तर खोलीतल्या कर्मचाऱ्याला विचारा. ते केवळ पहारेकरी नाहीत, अनेकांना कामांची उत्तम माहिती असते आणि विचारलेलं आवडतं. इंग्रजी अडखळलं तरी विचारा. फुकट मार्गदर्शित फेऱ्याही असतात, वेळ खाली विचारून घ्या.

फोटो स्वतःसाठी काढता येतात. फ्लॅश, तिपाई आणि सेल्फी स्टिक नको. काही तात्पुरत्या प्रदर्शनांत फोटो चालत नाहीत, दारावर लिहिलेलं असतं. हात लावायची परवानगी असल्याशिवाय कशालाच हात लावू नका. जमिनीवर पसरलेल्या कामांभोवती बऱ्याचदा फक्त एक बारीक रेघ असते. लहान मुलांना आत जाण्याआधीच सांगून ठेवा.

९. टँक्स, आणि वरचा सज्जा

ब्लावटनिक इमारतीच्या तळाशी तेलाच्या जुन्या गोल टाक्या आहेत. २०१२ पासून तिथे सादरीकरणं आणि चित्रफिती दाखवतात. काँक्रीट उघडंच ठेवलंय. काही लागलेलं नसलं तरी चक्कर मारा.

दहाव्या मजल्यावरच्या सज्जाचं मात्र आधी विचारून घ्या. समोरच्या काचेच्या इमारतीतल्या रहिवाशांनी, पर्यटक आमच्या घरात बघतात, म्हणून खटला भरला आणि १ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. केवळ शहर बघायला इतक्या वर जायचा बेत असेल तर बंद दार बघून हिरमोड होऊ शकतो.

१०. मुलं आणि खाणं

मुलांना टर्बाइन हॉलमध्ये पळू द्या, कुणी ओरडत नाही. शाळेच्या सुट्ट्यांत तिथे मुलांसाठी मोठे फुकट खेळ मांडलेले असतात. बाबागाडी सगळीकडे जाते.

आतली उपाहारगृहं महाग आहेत. घरून पोळी-भाजी आणली असेल तर दालनांत खाता येत नाही. नदीच्या बाजूला भूर्जवृक्षांखाली बाक आहेत, तिथे डबा उघडा. बरो मार्केट चालत दहा-बारा मिनिटांवर आहे, पण सोमवारी बंद असतं.

११. आपल्याकडच्या कलावंतांची कामं शोधून जा

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण हे घरूनच करायचं आहे. संकेतस्थळावर कलावंताचं नाव टाकलं की त्याची कोणती कामं संग्रहात आहेत आणि सध्या कोणतं मांडलेलं आहे ते दिसतं.

गोव्यातल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा शोधा. जे. जे. स्कूलमधून १९४५ मध्ये काढून टाकलेले, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपचे एक संस्थापक, १९४९ मध्ये लंडनला आलेले. त्यांचं १९५९ चं क्रूसावरच्या येशूचं चित्र टेटच्या संग्रहात आहे, काळ्या रेघांचं, काटेरी. भूपेन खख्खर शोधा. जन्म मुंबईचा, पेशानं हिशेबनीस, आयुष्य बडोद्यात. त्यांच्या १९८१ च्या मोठ्या चित्रात एक नागडा माणूस सज्जातून खाली बघतोय आणि खाली बाप, लेक आणि गाढव यांची आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट चालू आहे. २०१६ मध्ये याच संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याला याच चित्राचं नाव दिलं होतं. शीला गौडा यांचं २००९ चं ‘बिहोल्ड’ शोधा: माणसांच्या केसांच्या मैलोन्‌मैल दोऱ्या आणि त्यांत अडकवलेले गाड्यांचे बंपर. दक्षिणेत गाडीला नजर लागू नये म्हणून बंपरला केसांची दोरी बांधतात, हे इथल्या प्रेक्षकाला फलकावर वाचावं लागतं. लिंबू-मिरची बघत मोठं झालेल्या तुम्हाला ते सांगावं लागणार नाही.

यांतलं एखादं काम मांडलेलं दिसलं तर त्याच्या खोलीचं नाव आणि मजला वहीत लिहून घ्या आणि त्या दिवसाची फेरी तिथूनच सुरू करा. टेट मॉडर्नला काही दिसलं नाही तर त्याच पानावर टेट ब्रिटनही तपासा. सूझांची चित्रं कधी कधी तिकडे लागलेली असतात.